तीस बाय चाळीसचे परसदार आणि ऐंशी मीटरची लहर

ऑगस्ट २०१९ मधील ते दिवस कोणताही सांगलीकर विसरणे शक्य नाही. कृष्णेचे पाणी पेठेत शिरले. आमच्या आडत दुकानाच्या पायऱ्या आधी बुडाल्या, मग गल्ला, मग तळमजल्याच्या खिडक्या. हलवता येईल तेवढा माल आम्ही वर हलवला आणि घरातील सर्व माणसे वरच्या मजल्यावर जाऊन बसली. खरे सांगायचे तर आमच्या जिवाला धोका नव्हता. धान्य होते, पिण्याचे पाणी भरून ठेवलेले होते, शेजाऱ्यांची सोबत होती. पण वीज गेली होती आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलही मुके झाले. पुण्यात राहणारी आमची लेक दूरचित्रवाणीवर सांगलीची दृश्ये पाहत होती आणि दीड दिवस तिला आमचा एक शब्दही कळला नाही. ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे तीन शब्द सव्वादोनशे किलोमीटरवर पोहोचवण्याचे कोणतेही साधन आमच्यापाशी नव्हते.

पाणी ओसरले. चिखल निघाला, विम्याची कागदपत्रे झाली, दुकान पुन्हा उभे राहिले. मात्र त्या दीड दिवसाची रुखरुख मनातून जाईना. तिच्यातूनच वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी हौशी रेडिओची परीक्षा दिली. आपण ज्याला हॅम रेडिओ म्हणतो तो हाच छंद. केंद्र शासनाचा दूरसंचार विभाग त्याचा परवाना देतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीयास ही परीक्षा देता येते. रेडिओची प्राथमिक तत्त्वे आणि नियम एवढाच तिचा अभ्यासक्रम आहे. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपीही यावी लागते. हा छंद व्यापारासाठी वापरता येत नाही, त्यावरून सौदे करता येत नाहीत, हे आपल्यासारख्यांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

परवाना मिळाला, यंत्रही आले. पण खरी अडचण पुढेच होती. अँटेना लावायची कोठे?

लहर मोठी, जागा लहान

पुण्यासारख्या दोन-तीनशे किलोमीटरवरील गावाशी मधल्या कोणत्याही मनोऱ्याच्या मदतीवाचून बोलायचे, तर कमी वारंवारतेचे पट्टे वापरावे लागतात. आपल्या देशात हौशींना त्यांतील तीन मुख्य पट्टे मोकळे आहेत: १.८ मेगाहर्ट्झच्या जवळचा एकशेसाठ मीटरचा, ३.५ मेगाहर्ट्झपासूनचा ऐंशी मीटरचा आणि ७ मेगाहर्ट्झपासूनचा चाळीस मीटरचा. ही मीटरची नावे लहरींच्या लांबीवरून पडली आहेत. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते.

अँटेना चांगली चालण्यासाठी तिची लांबी साधारणपणे अर्ध्या लहरीएवढी असावी लागते. १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे, तारेची लांबी मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर, ३.६ साठी सुमारे ४० मीटर आणि एकशेसाठ मीटरच्या पट्ट्यासाठी तब्बल ७८ मीटर. आमच्या घरामागील परसदार तीस फूट बाय चाळीस फूट, म्हणजे मीटरमध्ये जेमतेम नऊ बाय बारा. पुस्तकातील चित्रे पाहावीत, तर त्यांत विस्तीर्ण शेते आणि उंच मनोरे. ती पाहून पहिले दोन महिने मी केवळ खंत करीत बसलो.

मला वाट सापडली ती एका साध्या प्रश्नाने. दुकान काढण्याआधी आपण गिऱ्हाईक कोण हे ठरवतो, मग गाळा किती मोठा हवा ते पाहतो. अँटेनाचेही तसेच आहे. आधी कोणाशी बोलायचे ते ठरवावे. मला अमेरिका गाठायची नव्हती. पुणे गाठायचे होते.

आकाशातील आरसा

पृथ्वीपासून सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत. त्यांतील वरचा थर आपल्या लहरी खाली परतवतो. त्याच्या खाली, सुमारे साठ ते नव्वद किलोमीटरवर, आणखी एक थर दिवसा तयार होतो आणि तो कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा शोषणारा थर विरून जातो आणि वरचा आरसा मोकळा होतो. म्हणूनच ऐंशी आणि एकशेसाठ मीटरचे पट्टे हे रात्रीचे पट्टे होत. चाळीस मीटर दिवसा जवळच्या गावांसाठी उपयोगी पडतो. पण रात्री वरचा थर विरळ झाला की सरळ वर गेलेली सात मेगाहर्ट्झची लहर अनेकदा परत न येता अवकाशात निघून जाते. त्या वेळी साडेतीन मेगाहर्ट्झची लहर मात्र परत येते. तात्पर्य, जवळच्या गावाशी अहोरात्र संपर्क हवा असेल, तर दिवसासाठी चाळीस आणि रात्रीसाठी ऐंशी असे दोन्ही पट्टे हाताशी हवेत.

आता लहान जागेच्या दृष्टीने सर्वांत आनंदाची गोष्ट सांगतो. दूरदेशी बोलायचे तर लहर क्षितिजाकडे झुकती निघावी लागते आणि त्यासाठी आडवी अँटेना खूप उंच लागते. जवळच्या गावासाठी मात्र लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आरशावरून पावसासारखी खाली यावी लागते. हे काम कमी उंचीची आडवी तार उत्तम करते. लहरीच्या दहाव्या भागापासून चतुर्थांशापर्यंतची उंची त्यासाठी पुरते. नऊ मीटरचा खांब चाळीस मीटरच्या लहरीला सुमारे पंचमांश पडतो आणि ऐंशीला नवव्या भागाएवढा. दोन्ही हिशेबात बसतात. जी उंची आमची उणीव वाटत होती, तीच पुण्यासाठी योग्य ठरली.

कर्णाची करामत

तीस आणि चाळीस फुटांच्या आयताचा कर्ण पन्नास फूट, हे आपण शाळेत शिकलो. मधोमध नऊ मीटरचा लोखंडी पाइप उभा केला आणि त्याच्या टोकापासून दहा-दहा मीटरच्या दोन तारा समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे उतरत्या नेल्या. इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उलटे धरावे तसा हा आकार होतो. तारांची टोके जमिनीपासून तीन मीटरवर ठेवली, तर या रचनेस सुमारे त्रेपन्न फूट लागतात. आमचा कर्ण पन्नासाचा. उरलेले अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे कोपऱ्यात वळवून घेतले. तार टोकाशी थोडी वळली तरी तिचे काम विशेष बिघडत नाही, कारण सर्वांत जास्त विद्युतप्रवाह मध्यभागी असतो आणि प्रक्षेपणाचे बहुतेक काम तोच करतो. लहान जागेत अँटेना बसवणाऱ्याने हे एक सूत्र लक्षात ठेवावे: मधला भाग उंच आणि मोकळा ठेवा, काटकसर करायची ती टोकांशी करा.

चाळीस मीटरची सोय झाली. ऐंशीसाठी प्रत्येक बाजूस आणखी दहा मीटर तार हवी होती. आमच्या कुंपणाची लांब बाजू चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. दोन्ही कोपऱ्यांतून एकेक तार कुंपणावरून लाकडी खुंट्यांच्या आधाराने तीन मीटर उंचीवर नेली, तर ऐंशी मीटरची पूर्ण तार त्याच परसात मावते.

आरंभी मी टोकाशी एक जोडणी ठेवली होती. ती जोडली की ऐंशी, सोडवली की चाळीस. एके दिवशी घरातील मंडळींनी सहज विचारले, “पूर आल्यावर त्या कोपऱ्यात जोडणी करायला जाणार कोण?” प्रश्न बिनतोड होता. ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच दिवशी परसात छातीभर पाणी असणार. म्हणून ती युक्ती टाकून दिली आणि एकाच मध्यबिंदूपासून दोन स्वतंत्र जोड्या काढल्या: आखूड जोडी चाळीससाठी आणि लांब जोडी ऐंशीसाठी. दोन्हींत टोकाकडे हात-दीड हाताचे अंतर ठेवले. पंख्याच्या पात्यांसारख्या या रचनेत यंत्रावर पट्टा बदलला की योग्य ती जोडी आपोआप काम करते. केबल एकच असून ती पाइपवरून वरच्या मजल्यावर येते. तार आणि केबल यांच्या जोडावर बालून नावाची छोटी पेटी बसवावी, म्हणजे केबल स्वतःच अँटेना होऊन बसत नाही.

तारा कापताना नेहमी जास्त ठेवाव्यात आणि मोजमाप घेत थोड्या थोड्या कमी कराव्यात. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या तारेची लांबी गणितापेक्षा थोडी कमी भरते. दोन जोड्या असतील तर लांब जोडी आधी जुळवावी, मग आखूड. कारण त्या एकमेकींवर परिणाम करतात.

दूरचा पल्ला आणि जमाखर्च

जवळचे काम साधल्यावर मनुष्याला दूरचे वेध लागतातच. हिवाळ्याच्या दीर्घ रात्री ऐंशी मीटरवर परदेशांतील केंद्रे ऐकू येतात. त्यासाठी लहर क्षितिजाकडे जावी लागते आणि लहान जागेत हे काम उभी तार करते. ऐंशी मीटरसाठी चतुर्थांश लहर म्हणजे वीस मीटर उभी तार हवी. आमची गच्चीची खांबोळी आठ मीटरवर. येथे हिशेबाची चोपडी काढावी लागते.

अँटेनात घातलेल्या शक्तीचे दोन वाटे होतात. एक वाटा आकाशात जातो, दुसरा तारेत आणि जमिनीत उष्णता होऊन वाया जातो. दोन्ही वाट्यांचे माप ओहममध्ये देतात. केवळ आठ मीटरची उभी तार घेऊन तिच्या पायाशी वेटोळे जोडले, तर आकाशाकडील वाट्याचे माप येते सुमारे साडेतीन ओहम. वेटोळे आणि जमीन मिळून नुकसान वीस ओहम धरले, तर शंभर वॅटपैकी आकाशात पोहोचतात अवघे पंधरा. आता तीच तार आठ मीटर उभी चढवून पुढे बारा मीटर आडवी नेली, म्हणजे इंग्रजी ‘एल’ उलटा केला, तर वेटोळे लागतच नाही आणि आकाशाचा वाटा सुमारे तेरा ओहम होतो. बारा मीटर म्हणजे पुन्हा आमची चाळीस फुटांची बाजूच. जमिनीचे नुकसान बारा ओहमवर आणले, तर शंभरातील बावन्न वॅट कामी येतात. जागा तीच; फरक रचनेचा.

जमिनीचे नुकसान कमी करण्यासाठी अँटेनाच्या पायापासून चहूकडे तारा पसरतात. त्यांना रेडिअल म्हणतात. लहान जागेत चार लांब तारांपेक्षा वीस-पंचवीस आखूड तारा अधिक हिताच्या, कारण परतीचा प्रवाह पायाशीच दाट असतो. त्या सरळच असाव्यात असे नाही. कुंपणापाशी वळल्या तरी चालते. बोटभर मातीखाली पुरल्या की चालणाऱ्याच्या पायात येत नाहीत.

एकशेसाठ मीटरबाबत मात्र फार आशा देऊ नये. लहर जवळपास दुप्पट लांब झाली आणि उभा भाग तोच राहिला, तर आकाशाचा वाटा चौथाईवर येतो. नुकसान तेवढेच राहते. ज्याला हौस असेल त्याने जरूर करावे, पण तोट्याचा व्यवहार आहे हे समजून.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. पंधरा वॅट आणि बावन्न वॅट यांतील फरक ऐकणाऱ्याच्या मापकावर जेमतेम एका पायरीचा असतो. इतिहासही हेच सांगतो. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेतील हौशींना दोनशे मीटर आणि त्याखालील लहरींवर ढकलले, कारण त्या लहरी निरुपयोगी समजल्या जात. डिसेंबर १९२१ मध्ये त्याच टाकाऊ लहरींवर निघालेले हौशींचे संकेत अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले. इतरांनी टाकलेल्या मालाचे मोल जाणणारे हेच होते.

हा उलटा एल आम्ही केवळ हिवाळ्यात चढवतो. त्याचा पाया जमिनीलगत असल्याने पुरात तो निरुपयोगी, आणि दोन्ही अँटेना एकाच परसात असल्या की एकमेकींना ओढतात. संकटकाळचा भरवसा उलट्या व्हीवरच.

ऐकणे हेही अर्धे काम

शहरात मोठी अडचण असते ती गोंगाटाची. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, कॅमेऱ्यांचे अडॅप्टर यांतून निघणारी खरखर याच पट्ट्यांवर सर्वाधिक जाणवते. यंत्र बॅटरीवर लावावे, घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि ऐकावे. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक स्विच चालू करीत तो शोधावा. आमच्याकडे तो दुकानातील वजनकाट्याचा अडॅप्टर निघाला. असे उपकरण बदलावे किंवा त्याच्या वायरीला फेराइटच्या कड्यातून काही फेरे द्यावेत.

बॅटरी तर पुराच्या दिवसांसाठीही हवीच. बारा व्होल्टवर चालणारे साधारण यंत्र ऐकताना सुमारे एक अँपिअर घेते, पण शंभर वॅटने बोलताना वीसच्या आसपास. म्हणून संकटात शक्ती कमी ठेवावी, वाक्ये आखूड ठेवावीत आणि ऐकण्यावर भर द्यावा.

कोणास इजा होऊ नये

आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो पाखरांचा, आणि तो योग्यच आहे. संक्रांतीच्या मांजाने कापलेले पक्षी आपण पाहिलेले आहेत. अँटेनाची तार मांजासारखी धारदार नसते, तरी बारीक, न दिसणारी तार टाळावी. घरगुती वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची, ठळक रंगाच्या वेष्टनाची तार घ्यावी आणि हातभर अंतरावर कापडाच्या छोट्या पट्ट्या बांधाव्यात.

माणसांच्या बाबतीत तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. खांब विजेच्या तारांपासून इतका दूर असावा, की तो कोणत्याही दिशेने आडवा पडला तरी त्यांना स्पर्श होणार नाही. बोलताना तारांच्या टोकांशी उच्च दाब असतो. म्हणून ती मुलांच्या हातास लागणार नाहीत इतकी उंच ठेवावीत. आणि वळवाचे ढग दिसताच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर जमिनीशी जोडावी. गडगडाट सुरू झाल्यावर हे काम करू नये, आधीच करावे. तणावे तारेचे न घेता नायलॉनच्या दोरीचे घ्यावेत आणि शेजाऱ्यांना काम सुरू करण्यापूर्वीच सांगावे.

या पट्ट्यांचे वेळापत्रक आपल्या घरांस सोयीचे आहे. चातुर्मासात आकाशातील विजांची कडकड फार. म्हणून दूरचे बोलणे तेव्हा थोडे, पण व्ही मात्र सज्ज. दिवाळीपासून होळीपर्यंत खरा हंगाम. आणि दिवस असता जेवणे आटोपून मंडळी निवांत होतात, नेमक्या त्याच सुमारास शोषणारा थर विरू लागतो आणि ऐंशी मीटरचा पट्टा जागा होतो.

दोनशे किलोमीटरचे अंतर

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतर्फे श्रीमती भारती प्रसाद पोर्ट ब्लेअर येथे हौशी केंद्र चालवीत होत्या. २६ तारखेच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. छंदासाठी मांडलेले तेच केंद्र लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवू लागले. जे आधीपासून मांडलेले असते, तेच संकटात उपयोगी पडते. पाणी पायरीला लागल्यावर तार बांधता येत नाही.

आमच्या लेकीनेही पुढे परीक्षा दिली. पुण्यातील सोसायटीने गच्चीच्या कठड्यालगत तार नेण्यास अनुमती दिली. ती तीन ठिकाणी वळलेली आहे. गेल्या कार्तिकातील एका संध्याकाळी मी ऐंशी मीटरवर तिच्या संकेतनामाने हाक दिली. दोनदा केवळ खरखर. तिसऱ्या हाकेनंतर आवाज आला, “बाबा, ऐकू येतंय. अगदी स्पष्ट. तुमच्याकडे सगळे ठीक ना?”

मधे मनोरा नाही, कंपनी नाही, वीजमंडळ नाही. परसातील एक तार, गच्चीवरील एक तार आणि वर आकाश. मी म्हणालो, “आम्ही सुखरूप आहोत.”

ते तीन शब्द पोहोचायला काही वर्षे लागली. आता ते दर रविवारी संध्याकाळी जातात. ज्यांच्या घरामागे लहानसे परस आहे आणि ज्यांची माणसे दूर गावी आहेत, त्यांनी फूटपट्टी घेऊन एकदा आपल्या अंगणाचा कर्ण मोजून पाहावा.